नाना ओबिरींची उजवी टाच

बाफोमामा अंगणात आला तेव्हा तिवाच्या तोंडात चार खिळे होते आणि पाठीवर फडक्यात बांधलेली न्हिरा झोपायच्या बेतात होती. आठ महिन्यांची पोर झोपली की तेवढ्यात जे काय ठोकायचं, शिवायचं ते तिवा उरकून घेई. दुपारच्या या वेळेला कोणी आलेलं तिला खपत नसे. आणि आला कोण, तर बाफोमामा! आतोनक्रोच्या राजगादीवरच्या नाना ओबिरींचा काठीवाला. नाना चारचौघांत स्वतः तोंड उघडत नाहीत. ते पुटपुटतात, आणि सोनेरी मुठीची काठी हातात धरून बाफोमामा ते गावाला ऐकवतो. नऊ वर्षांपूर्वी तिवाच्या बापाला भर मैदानात बेइमान ठरवणारे शब्दही याच तोंडातून बाहेर पडले होते.

"वाट चुकलात मामा," तिवा खिळ्यांच्या फटीतून म्हणाली.

"आधी खिळे थुंक पोरी. टोमणे मग मार."

त्याच्या काखेत पांढऱ्या कापडाचं गाठोडं होतं. तो बाकावर बसला, पण गाठोडं मांडीवरच ठेवलं. नानांच्या वहाणा दुसऱ्याच्या जमिनीवर ठेवत नाहीत.

"कुमासीच्या व्यापाऱ्यानं तीन जोड पाठवले," तो म्हणाला. "तिन्ही नानांनी भिरकावले. एक तर माझ्याच डोक्याला लागला. चाळीस दिवसांनी आदाएचा सण आहे. या खेपेला सगळ्या गाद्यांवरचे मोठे नाना स्वतः येताहेत. त्यांच्यासमोर सबंध मैदान चालायचं, वर नाचायचं. लोक म्हणतात, तू कुमासीच्या दवाखान्यात पायांचं शिकून आलीस."

"लोक असंही म्हणतात की आमच्या वेरेकोच्या घरच्या हाताला बरकत नाही. तेही तुम्हीच म्हणाला होतात, काठी आपटून."

बाफोमामानं गाठ सोडली आणि जुना जोड तिच्या पुढ्यात धरला.

तिवानं उजवी वहाण हातात घेऊन उलटी केली. दवाखान्याच्या चामडेकामाच्या खोलीत ती दोन वर्षं होती. साखरेचे पाय, रोगानं बोटं गेलेले पाय, दिवसभर उभं राहून फुगलेले बाजारवाल्या बायकांचे पाय, सगळ्यांसाठी तिनं वहाणा बेतल्या होत्या. तिथं तिला एक गोष्ट पक्की कळली होती. माणूस खोटं बोलेल, पण त्याच्या वहाणेचा तळ बोलणार नाही. या तळाची बाहेरची कड झिजून कागदासारखी झाली होती. आणि टाचेखाली, जिथं एवढ्या वजनदार माणसानं चामड्यात खळगा पाडायला हवा, तिथं चामडं कोरं करकरीत होतं.

नाना उजवी टाच टेकवतच नव्हते.

"मामा, नानांचा पाय दुखतो का?"

"तोंड सांभाळ!" बाफोमामानं आजूबाजूला पाहिलं. "नानांचा पाय कशाला दुखेल?"

अंगात खोट असलेला माणूस गादीवर बसू शकत नाही, हे आतोनक्रोत शेंबड्या पोरालाही ठाऊक असतं. तसंच हेही, की गादीवरच्या माणसाचं अनवाणी पाऊल मातीला लागलं की त्याची गादी गेली.

"पाय बघितल्याशिवाय मी काही बेतणार नाही," ती म्हणाली. "आणि बघायचा तो पहाटे. नाना बिछान्यातून उठतात तेव्हा."

"म्हणजे निजायच्या खोलीत?"

"हो, निजायच्या खोलीत. नाही तर चौथा जोडही तुमच्याच डोक्यात बसेल."

तो गेल्यावर तिनं कोपऱ्यातली पत्र्याची पेटी उघडली. तिच्या बापानं, आग्या वेरेकोनं, नऊ वर्षं एक तुटकी वहाण त्यात जपून ठेवली होती. त्या दिवशीची वहाण. तेव्हा तिवा चौदा वर्षांची होती. ढोल वाजत होते, छत्रीखालून नाना चालत होते, आणि मैदानाच्या मध्यावर उजव्या वहाणेची वादी तटकन तुटली. पाऊल सुटलं. बाफोमामानं अंगावरचं कापड ओढून खाली झोकून दिलं म्हणून ते मातीऐवजी कापडावर पडलं. गादी वाचली. मग काठी आपटली गेली आणि गावानं ऐकलं की वेरेकोनं गादीच्या वादात हरलेल्या घराण्याकडून पैसे खाऊन कच्ची वादी घातली. तीन मेंढ्यांचा दंड झाला. आग्याची आरी त्याच्या डोळ्यांदेखत दगडानं ठेचली, आणि त्याला सकाळपासून उन्हं कलेपर्यंत दरबारच्या तापलेल्या लाल अंगणात अनवाणी उभं केलं. तळव्यांना आलेले फोड तिवानंच धुतले होते. त्या दिवसापासून आग्यानं वहाण शिवली नाही. गेली नऊ वर्षं तो लोकांच्या रबरी चपलांचे अंगठे लावत होता.

तुटकी वहाण तिनं उलटी केली. बाहेरची कड झिजलेली. टाच कोरी. वादी तुटली होती तीही बाहेरच्याच बाजूनं, जिकडे सगळा भार ओढला जात होता तिथं. टाके मात्र सगळेच्या सगळे शाबूत होते.

पाठीवर न्हिरानं झोपेतच कण्हून तिचा कुर्ता मुठीत धरला.

*

पहाटे तिला आत नेलं. नाना ओबिरी पलंगाच्या कडेवर बसले होते. साठीचा भरगच्च माणूस, सोनं काढून ठेवलं की कुणाही म्हाताऱ्यासारखा. पलंगाखाली बिबट्याचं कातडं अंथरलेलं होतं.

"वेरेकोची पोर," नाना म्हणाले. आतल्या खोलीत त्यांना स्वतःचं तोंड वापरता येत होतं. "तुझ्या बापानं मला मातीला लावलंच होतं. आता तू काय करणार, चिखलात?"

"उठा नाना. चार पावलं चाला."

ते उठले, आणि पहिल्याच पावलाला भिंत धरली. दुसऱ्याला ओठ चावला. पाचव्यापर्यंत चेहरा जरा सैल झाला.

"दिवस चढला की कमी होतं," तिवा म्हणाली. "आणि बराच वेळ बसून उठलात की पुन्हा तसंच. टाचेखाली काच रुतल्यासारखं."

नानांनी बाफोमामाकडे पाहिलं. "तू सांगितलंस?"

"मी तोंडसुद्धा उघडलं नाही!"

"तुमच्या वहाणेनं सांगितलं," तिवा म्हणाली. तिनं नानांचा पाय मांडीवर घेतला आणि टाचेच्या आतल्या बाजूला, पुढच्या कडेला अंगठा ठेवला. नेमकी जागा तिला बघावी लागली नाही. तिनं दाबलं. नानांचा श्वास अडकला. एवढं पुरेसं होतं. दवाखान्यात ती इथं थांबली असती. तिनं आणखी दाबलं. नऊ वर्षांचं वजन त्या एका अंगठ्यात उतरवलं, आणि आतोनक्रोचा राजा उशीत तोंड खुपसून वासरासारखा हंबरला.

"हीच जागा ना?" तिनं शांतपणे विचारलं.

"हीच! सोड, सोड पोरी!"

तिनं सोडलं. मग समजावून सांगितलं, ते मात्र खोटं नव्हतं. तळव्यात टाचेपासून बोटांपर्यंत एक जाड पट्टा ताणलेला असतो, वहाणेच्या वादीसारखाच. अंग जड झालं, दिवसभर बैठक, वहाण सपाट आणि टणक, पोटऱ्या आखडलेल्या, की त्याला टाचेपाशी बारीक बारीक चिरा पडतात. रात्री तो आखडून बसतो आणि सकाळच्या पहिल्या पावलाला पुन्हा उसवतो. हाड मोडलेलं नाही, करणी नाही, शाप नाही. बाजारात दहा जणींना आहे.

"मला बाजारवाल्यांचा रोग?" नाना दुखावले.

"पायाला गादी दिसत नाही नाना. कधीपासून आहे?"

नाना बेसावध होते. दुखून गेलेला माणूस असतोच. "दहा वर्षं होतील. गादीवर बसलो त्याच्या पुढच्या वर्षी."

तिवा पाय पुसत होती. तिचा हात थांबला. वादी तुटली त्याला नऊ झाली. "म्हणजे त्या आदाएलाही दुखत होता."

बाफोमामा काठीची मूठ बघत बसला. नानांनी पाय हळूच तिच्या मांडीवरून काढून घेतला, आणि तेवढ्यानं तिला कळलं. यांना पहिल्यापासून माहीत होतं. टाच झाकायची म्हणून यांनी तिच्या बापाला उन्हात उभं केलं होतं.

*

दोन दुपारी खपून तिनं एक जोड तयार केला. टाचेच्या थरात ताडाच्या बीची टणक कवटी बसवली आणि तिच्यावर मऊ चामड्याची घडी. पहिली पाच-सहाशे पावलं काही जाणवणार नाही. मग घडी चेपेल आणि कवटी वर येईल, बरोबर त्या जागी. मैदानाच्या मध्यावर. नाना वहाण झटकतील, पाऊल मातीवर पडेल आणि सगळं संपेल. टाके घालताना ती न्हिराला गुणगुणून झोपवत होती आणि तिचे दात एकमेकांवर घट्ट बसले होते.

आग्यानं तो जोड हातात घेतला. अंगठा टाचेवर फिरवला. पुन्हा फिरवला. मग विचारलं, "हा कुणाच्या नावानं चावणार?"

"कुणाच्या म्हणजे?"

"नाना पडतील. मग लोक वहाण उचलतील. आत बी सापडेल. काय म्हणतील? वेरेकोच्या घरचे हात पहिल्यापासूनच बेइमान होते, नाना तेव्हाही खरंच बोलले होते. नऊ वर्षं मी खोटा ठरलो, पोरी. तू मला एका दिवसात खरा गुन्हेगार करशील."

तिवाच्या डोळ्यांत पाणी आलं. "मग सोडून द्यायचं त्यांना? वहाण करून द्यायची, नमस्कार करायचा?"

"सोडायचं कोण म्हणतंय?" म्हाताऱ्याचा आवाज एकदम धारदार झाला. "त्याला सोडायचं असतं तर मी ती वहाण पेटीत ठेवली असती का? बस इथं. नऊ वर्षं आदाएला मी घराबाहेर पडलो नाही. पण ढोल तर ऐकू येतात ना? कसे वाजतात, सांग."

तिवानं मांडीवर थाप मारून दाखवलं. धूऽम, तक्. धूऽम, तक्.

"हत्तीची चाल," आग्या म्हणाला.

सगळं गाव तिला तेच म्हणत असे. नानांचं डावं पाऊल जड पडे आणि उजवं अर्धवट टेकून हळूच बाहेरच्या अंगानं वळे. गावाला वाटे, काय ही ऐट! ढोलकऱ्यांनी त्या चालीवर ठेका बसवला होता. लग्नातले नवरदेव तसे डुलत चालत. शाळेचे मास्तरसुद्धा बक्षीस द्यायला निघाले की उजवा पाय बाहेर फेकत.

"ती हत्तीची चाल नाही," आग्या म्हणाला. "ती लंगडी आहे. सगळं गाव दहा वर्षं एका दुखऱ्या टाचेवर ढोल वाजवतंय. मी सांगितलं असतं तर कोणी ऐकलं असतं? पण त्याला सरळ चालायला लाव. त्याची टाच बरी कर. अशी बरी कर, की त्याला लंगडता येऊ नये. मग मोठ्या नानांसमोर ढोल काय वाजतात ते बघू."

तिवा बापाकडे बघतच राहिली. इतक्या वर्षांत तिनं त्याला हसताना पाहिलं नव्हतं. तो आता हसत होता, आणि ते हसू पाहून तिलाच थोडी भीती वाटली. तिनं रापी घेतली आणि टाचेचा थर फाडून ताडाची बी चुलीत टाकली.

*

त्या दिवसापासून आतोनक्रोत नानांच्या टाचेची जेवढी काळजी तिवानं केली तेवढी त्यांच्या तिन्ही बायकांनी मिळून केली नसेल.

रोज पहाटे न्हिराला आपल्या आईकडे सोपवून ती दरबारात हजर होई. खाली पाय टेकवायच्या आधी नानांनी पावलाला फडकं अडकवून बोटं आपल्याकडे ओढायची, तीस मोजेपर्यंत. मग दोन्ही हात भिंतीला टेकून, एक पाय मागे, टाच खाली दाबून पोटरी ताणायची.

"मी काय शाळेतला पोर आहे, भिंतीकडे तोंड करून उभं राहायला?" नाना कुरकुरत.

"गुडघा वाकला. पुन्हा."

"अगं, मी राजा आहे!"

"राजाची पोटरी आखडलेली आहे. पुन्हा."

प्यायच्या पाण्याची प्लॅस्टिकची पिशवी बर्फ होईपर्यंत गोठवून ती आणे, फडक्यात गुंडाळून बिबट्याच्या कातड्यावर ठेवी आणि नानांना त्यावरून तळवा पुढे-मागे फिरवायला लावी. रात्रीचं फुफू, कुटलेल्या कंदांचा तो भलामोठा गोळा, बंद केलं. नाना त्या दिवशी रडकुंडीला आले. दुपारी अंगणात चालवी, आणि उजवं पाऊल बाहेर वळलं की काडीनं घोट्यावर टिचकी मारी. "टाच आधी. टाच आधी. सरळ."

सूड उगवायचा तर टाच बरी व्हायलाच हवी होती. म्हणून ती एक दिवसही चुकली नाही. न्हिराला ताप आला त्या पहाटेही ती तिला पाठीला बांधून गेली. तापल्या गालाचा चटका मानेला लागत होता आणि ती दातओठ खात राजाची पोटरी चोळत होती.

"एवढ्या मायेनं कसं करतेस गं?" बाफोमामानं एकदा विचारलं. त्याच्या नजरेत संशय होता. "मला तर तुझी भीती वाटते."

"वाटू द्या," तिवा म्हणाली.

नव्या जोडाला तिला सर्वांत जास्त वेळ लागला. वरून तो नेहमीसारखाच सपाट, रुंद, काळा दिसायला हवा होता. उंच टाच घातली तर राजा बाईची पादत्राणं घालतो म्हणून गाव हसलं असतं. एका दुपारी न्हिरा तिच्या मांडीवर पालथी पडून दूध पीत होती आणि तिचं पाऊल तिवाच्या तळहातात होतं. टाचेची ती गोल गादी दाबली की आत जाई आणि सोडली की हळूच भरून येई. अजून एक पाऊलही न चाललेली टाच. तिवानं तिचा मुका घेतला. मग उठून तिनं थरांच्या मधोमध टाचेच्या आकाराचा खळगा कोरला, त्यात दवाखान्याच्या खोलीतून आणलेलं लवचीक रबर बसवलं, टाचेखालचा थर आतल्या आत बोटभर चढवला, आणि पावलाच्या कमानीखाली एक उंचवटा ठेवला. कडेचे टाके आग्यानं घातले. नऊ वर्षांनी त्याच्या हातात आरी होती. एकही टाका वाकडा गेला नाही.

आदाएच्या आदल्या दिवशी नानांनी तो जोड घातला, अंगणाच्या दोन फेऱ्या मारल्या आणि उभे राहिले. चेहरा बघण्यासारखा झाला होता.

"दुखत नाही," ते म्हणाले. "अजून थोडं हुळहुळतं, पण दुखत नाही. पोरी, दहा वर्षं मी..." त्यांनी तिच्या डोक्यावर हात ठेवला.

क्षणभर तिला वाटलं, पुरे झालं. आता एक शब्द जरी ते बोलले, माझं चुकलं एवढंच जरी म्हणाले, तरी मी यांना सांगून टाकीन की नाना, उद्या ढोलांकडे लक्ष ठेवा.

नाना बाफोमामाकडे वळले. "हिच्या बापाला दारूची एक बाटली पाठव. मागच्या दारानं. आणि जोड कुमासीहून आला असं सांग. वेरेकोच्या घरची वहाण म्हटलं तर लोक मला हसतील."

तिवानं वाकून नमस्कार केला. खाली वाकलेल्या तोंडावर काय होतं ते कोणाला दिसलं नाही.

*

मैदान तुडुंब भरलं होतं. मोठे नाना उंच मांडवात, त्यांच्या पुढ्यात त्यांचा स्वतःचा काठीवाला. आग्या वेरेको नऊ वर्षांनी घराबाहेर पडून तिवाशेजारी उभा होता. त्याला पाहून शेजारच्या बायका आधी सरकल्या, मग टोमॅटोवाली सेवाआत्या मुद्दाम जवळ येऊन उभी राहिली. "आलास का रे? बरं झालं. जिवंत दिसतोस."

छत्री दिसली. ढोलांनी ठेका धरला. धूऽम, तक्. धूऽम, तक्.

नाना ओबिरी निघाले. चप्, चप्, चप्. दोन्ही टाचा सारख्या आपटत होत्या. चौथ्या पावलाला ते ढोलाच्या पुढे गेले. मोठ्या ढोलकऱ्यानं मान वर केली, चुकलं समजून पुन्हा सावरलं, पुन्हा मागे पडला. त्याच्या शेजाऱ्यानं ठेका वाढवला, तिसऱ्यानं वाढवला नाही. ढोल एकमेकांवर आदळले. छत्रीवाला नेहमीच्या डुलत्या चालीनं मागेच राहिला आणि नाना एकटे उन्हात आले.

"हत्तीला झालं काय?" कोणीतरी म्हणालं.

नानांच्या लक्षात आलं. तिवानं ते त्यांच्या मानेवरून ओळखलं. ते क्षणभर थबकले आणि मग, ढोल जुळावेत म्हणून, त्यांनी जुनी चाल धरली. पाय बाहेर फेकला, अर्धवट टेकवला, डुलले.

डावा पाय.

भाजकी केळी विकणाऱ्या पोरी आधी फुटल्या. "अगं, बदलला! हत्तीनं पाय बदलला!" नानांनी घाईनं उजवा धरला. पण उजवी टाच आता ऐकेना, ती आपली सरळ पडत होती. मग पुन्हा डावा. हसू मैदानभर पसरलं. ढोल थांबले. तिवा हसली नाही. ती एकेक पाऊल डोळ्यांनी पीत होती.

मोठे नाना त्यांच्या काठीवाल्याकडे झुकले. काठी आपटली. "मोठे नाना विचारतात, ओबिरी, यातली तुझी चाल कोणती? आजची की दहा वर्षांची?"

नाना बाफोमामाच्या कानाशी पुटपुटले. गोड शब्द जुळवणं हेच बाफोमामाचं आयुष्य, पण आज त्याला एकही जुळेना. "नाना म्हणतात... पाय दुखत होता. आता बरा झाला."

"कधीपासून दुखत होता?"

पुन्हा पुटपुट. बाफोमामानं तिवाकडे पाहिलं. मग आग्याकडे. आणि नाना जे पुटपुटले असतील ते बाजूला ठेवून तो स्पष्ट म्हणाला, "दहा वर्षांपासून."

लोक मनात वर्षं मोजत होते. सेवाआत्याचं मोजून झालं. "मग वेरेकोची वादी कशानं तुटली?" ती एवढ्यानं ओरडली की मांडवापर्यंत गेलं. "सगळा भार एका कडेवर टाकल्यावर वादी काय करील? आम्ही त्याच्याशी नऊ वर्षं बोललो नाही!"

मोठ्या नानांनी विचारलं, आजची वहाण कुणाची. बाफोमामा म्हणाला, "वेरेकोच्या घरची." कुमासीचं नावही त्यानं काढलं नाही.

बापलेकीला पुढे बोलावलं. आग्यानं अंगावरचं कापड खांद्याखाली घेतलं, वहाणा काढल्या, वाकला. मोठ्या नानांचा निवाडा झाला. बरी झालेली टाच ही खोट नव्हे, तेव्हा गादीला धक्का नाही. पण वेरेकोवर आळ घेतला तो खोटा. तीन मेंढ्या परत जातील, त्यांच्या जोडीला आणखी तीन, आणि ओबिरीचा काठीवाला सर्वांसमोर माफी ऐकवील.

बाफोमामा काठी आपटणार तेवढ्यात आग्यानं हात वर केला.

"मेंढ्या कापा आणि गावाला वाढा. मला नकोत," तो म्हणाला. "आणि काठीची माफीही नको. काठीनं मला खोटं ठरवलं, त्यात काठीची काय चूक? मला यांच्या तोंडून ऐकायचंय."

बायकांनी तोंडावर हात घेतले. मैदानात राजा स्वतः बोलतो, हे कोणी बघितलेलं नव्हतं. बाफोमामानं घाबरून मांडवाकडे पाहिलं. मोठे नाना बराच वेळ आग्याचे पाय बघत होते, ते उन्हात भाजलेले, अजून काळपट डाग असलेले पाय. मग त्यांनी मान हलवली.

नाना ओबिरींच्या कपाळावरून घाम ओघळला. ओठ दोनदा हलले. "दोष वादीचा नव्हता," ते खोल गेलेल्या आवाजात म्हणाले. "माझ्या टाचेचा होता. मला माहीत होतं."

झालं, असं तिवाला वाटलं. तिनं बापाचा दंड धरला. आता घरी जायचं, न्हिरा दुधासाठी रडत असेल. पण आग्या हलला नाही. त्यानं मान जरा तिरकी केली, कानामागे तळहात धरला आणि मोठ्यानं म्हणाला, "नाना, म्हातारा झालो मी. ऐकू आलं नाही."

त्याचे कान सशाचे होते. तिवाला ते ठाऊक होतं.

नानांनी पुन्हा सांगितलं, या वेळी मोठ्यानं.

"आता मला आलं," आग्या म्हणाला. तो मागे वळला आणि मैदानाच्या पार टोकाकडे, दरबारच्या लाल अंगणाच्या भिंतीवर चढून बसलेल्या लोकांकडे त्यानं बोट दाखवलं. "पण त्या तिकडच्यांना नाही आलं."

आणि नाना ओबिरींनी, दोन्ही टाचा मातीवरच्या त्या सुंदर वहाणांत घट्ट रोवून, तिसऱ्यांदा श्वास भरून घेतला.